चालणारी प्रत: व्हॉल्ट विरुद्ध क्वेड खटला आणि बॅकअपचा हक्क

कायदा ग्राहकाला बॅकअप घेण्याची मुभा देतो आणि निर्माता सॉफ्टवेअरला असे कुलूप घालतो की घेतलेला बॅकअप चालतच नाही. अशा वेळी ते कुलूप उघडणारे साधन विकणारा माणूस ग्राहकाच्या हक्काला मदत करतो, की चोरीला? अमेरिकेच्या फिफ्थ सर्किट अपील न्यायालयाने १९८८ साली ‘व्हॉल्ट कॉर्पोरेशन विरुद्ध क्वेड सॉफ्टवेअर लिमिटेड’ या खटल्यात या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. पुढे अमेरिकेने स्वतःच ते उत्तर बाजूला सारले. भारतीय कॉपीराइट कायदा मात्र आज त्या निकालाच्या बराच जवळ उभा आहे, आणि म्हणून हा जुना फ्लॉपीच्या जमान्यातला खटला आपल्याकडच्या ग्राहकाने, विशेषतः जुने सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लहान कार्यालयाने, नीट समजून घ्यायला हवा.

कुलूप कसे होते

व्हॉल्ट ही कॅलिफोर्नियातली कंपनी. ती स्वतः हिशेबाचे किंवा डेटाबेसचे सॉफ्टवेअर बनवत नव्हती. सॉफ्टवेअर कंपन्यांना ती ‘प्रोलॉक’ नावाच्या खास फ्लॉपी विकत असे, आणि त्या कंपन्या आपला प्रोग्रॅम त्यावर भरून ग्राहकाला देत. ॲश्टन-टेट कंपनीचे डीबेस-३ हे त्या काळचे प्रसिद्ध डेटाबेस सॉफ्टवेअर याच पद्धतीने कुलूपबंद होऊन विकले गेले.

त्या वेळच्या सव्वापाच इंची दुहेरी फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट अशी मांडणी असे. म्हणजे ७२० सेक्टर आणि एकूण ३६० केबी. डॉस या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टीमची ‘डिस्ककॉपी’ ही आज्ञा हे सेक्टर वाचून दुसऱ्या फ्लॉपीवर जसेच्या तसे लिहिते. साध्या फ्लॉपीसाठी तेवढे पुरते. प्रोलॉकच्या फ्लॉपीवर मात्र चुंबकीय थरावर लेसरने एक बारीक खूण केलेली असे. निकालपत्रात तिला ‘बोटाचा ठसा’ म्हटले आहे. त्या जागचा थरच नष्ट झालेला असल्यामुळे तिथली स्थिती पुसता येत नाही आणि बदलताही येत नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला की आधी व्हॉल्टचा छोटा प्रोग्रॅम धावे. तो त्या जागी काही लिहून बघे आणि लगेच परत वाचे. लिहिलेले तसेच परत आले, तर थर शाबूत आहे, म्हणजे ही फ्लॉपी मूळ नव्हे. लिहिलेले टिकले नाही, तर खूण जागेवर आहे, म्हणजे फ्लॉपी अस्सल. अस्सल ठरल्यावरच सांकेतिक रूपात ठेवलेला मुख्य प्रोग्रॅम उलगडून मेमरीत चढे. डिस्ककॉपी माहितीची नक्कल करते, प्लास्टिकवरच्या भोकाची करू शकत नाही. त्यामुळे प्रत होई, पण चालत नसे.

याचा त्रास प्रामाणिक ग्राहकाला कुठे होत होता, तेही पाहायला हवे. ज्या फ्लॉपीवाचून सॉफ्टवेअर चालत नाही तीच रोज ड्राइव्हमध्ये घालावी लागे, म्हणजे सगळ्यात मोलाची वस्तूच सगळ्यात जास्त झिजे. ड्राइव्हचे हेड चुंबकीय थराला टेकूनच वाचते. धूळ, ओल, उष्णता, स्पीकरचे चुंबक, कुणीतरी टाचणी लावून फाइलला अडकवलेली फ्लॉपी, सांडलेला चहा, यांपैकी काहीही एकदा घडले की संपले. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क आली, तरी अशा कुलूपबंद प्रोग्रॅमला हार्ड डिस्कवर टाकून फ्लॉपी कपाटात ठेवण्याची सोय नव्हती. सुरू करताना अस्सल फ्लॉपी ‘ए’ ड्राइव्हमध्ये हवीच.

क्वेडची किल्ली

क्वेड ही कॅनडातल्या टोरंटोची कंपनी. तिचा ‘कॉपीराइट’ (CopyWrite; हक्काच्या अर्थाचा copyright नव्हे) हा प्रोग्रॅम कुलूपबंद फ्लॉपींच्या प्रती काढत असे आणि त्यात ‘रॅमकी’ नावाची सोय होती. प्रोलॉक आणि संगणक यांच्यामध्ये रॅमकी उभी राही. व्हॉल्टचा प्रोग्रॅम ड्राइव्हकडे खूण आहे का असे विचारी, तेव्हा समोर प्रत असूनही उत्तर मूळ फ्लॉपीचेच मिळे. ग्राहकाला स्वतः काही तांत्रिक करावे लागत नसे. मूळ फ्लॉपी आणि एक कोरी फ्लॉपी एवढे पुरे.

ही सोय बनवण्यासाठी क्वेडने प्रोलॉकची फ्लॉपी रीतसर विकत घेतली, तिचा प्रोग्रॅम संगणकाच्या मेमरीत चढवला आणि तो कसा चालतो ते उलगडून पाहिले. रॅमकीच्या एका सुरुवातीच्या आवृत्तीत प्रोलॉकच्या कोडमधली सुमारे ३० अक्षरे जशीच्या तशी होती. प्रोलॉकचा सोर्स कोड सुमारे ५० पानांचा होता. नंतरच्या आवृत्तीत तीही अक्षरे उरली नाहीत.

खटला लुइझियानात का

वादी कॅलिफोर्नियाचा आणि प्रतिवादी कॅनडाचा, तरी खटला लुइझियानाच्या संघीय जिल्हा न्यायालयात दाखल झाला. कारण १९८४ मध्ये लुइझियाना राज्याने सॉफ्टवेअर परवान्यांबद्दल एक खास कायदा केला होता. पाकीट फोडले की त्यासोबत छापलेल्या अटी ग्राहकाने मान्य केल्या असे तो कायदा धरत असे. कोणत्याही कारणासाठी प्रत काढायची नाही, प्रोग्रॅम उलगडून पाहायचा नाही, अशा अटी त्यामुळे बंधनकारक ठरत. व्हॉल्टने आपल्या परवान्यात नेमक्या याच अटी घातल्या आणि नंतरच्या आवृत्तीत लुइझियानाचा कायदा लागू राहील असेही लिहिले.

जिल्हा न्यायालयाने आधी आपल्याला क्वेडवर अधिकारच नाही म्हणून खटला काढून टाकला. अपील न्यायालयाने १९८५ मध्ये तो परत पाठवला. जिल्हा न्यायालयाने १९८७ मध्ये क्वेडच्या बाजूने निकाल दिला आणि २० जून १९८८ ला अपील न्यायालयाने तो कायम केला. व्हॉल्टने विक्रीवर मनाई, रॅमकी असलेल्या ‘कॉपीराइट’ प्रोग्रॅमच्या सगळ्या प्रतींची जप्ती आणि तब्बल १० कोटी डॉलरची भरपाई मागितली होती. यातले काहीच मिळाले नाही.

तीन आरोप

पहिला आरोप क्वेडने स्वतः प्रत काढल्याचा. प्रोग्रॅम मेमरीत चढवणे हीही एक प्रत असते. अमेरिकन कायद्याचे कलम ११७, ज्यातली ही मुभा १९८० साली आली, प्रतीच्या मालकाला संगणकावर वापरण्याचा आवश्यक टप्पा म्हणून अशी प्रत करू देते. व्हॉल्टचे म्हणणे होते की ही सूट निर्मात्याला अभिप्रेत असलेल्या वापरापुरतीच आहे आणि कुलूप तोडण्यासाठी अभ्यास करणे हा अभिप्रेत वापर नव्हे. न्यायालयाने कलमाचे शब्द वाचले. ‘निर्मात्याच्या हेतूप्रमाणे’ असे त्यात कुठेच नव्हते. आरोप तिथेच संपला.

दुसरा आरोप क्वेड इतरांच्या उल्लंघनाला मदत करते असा, आणि खटल्याचा जीव इथे आहे. १९८४ च्या सोनी बीटामॅक्स (घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर) निकालाने अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली होती की ज्या साधनाचा भरीव कायदेशीर वापर आहे, ते विकल्याबद्दल विक्रेत्याला दोषी धरता येत नाही. मग रॅमकीचा कायदेशीर वापर कोणता? क्वेडने उत्तर दिले, कलम ११७ मधली संग्रहासाठीची प्रत, म्हणजे बॅकअप.

व्हॉल्टचा प्रतिवाद हुशार होता आणि तो आजही वेगवेगळ्या वेषात पुढे येतो. ते म्हणाले, ग्राहकाला बॅकअप हवा असेल तर डिस्ककॉपी पुरेशी आहे. मूळ फ्लॉपीवरची माहिती चुकून पुसली गेली तर प्रतीवरून ती पुन्हा त्याच मूळ फ्लॉपीवर चढवा, खूण तिथे आहेच, प्रोग्रॅम चालेल. रॅमकी लागते ती दुसरी चालती प्रत हवी असणाऱ्याला, म्हणजे चोराला. शिवाय बॅकअपचा हक्क फक्त यांत्रिक किंवा विद्युत बिघाडापासूनच्या बचावासाठी आहे, असाही आधार त्यांनी दिला. १९८३ च्या अटारी विरुद्ध जेएस अँड ए या खटल्यात इलिनॉयच्या एका जिल्हा न्यायालयाने गेमच्या कार्ट्रिजबद्दल तसे म्हटले होते. कार्ट्रिजमधल्या चिपला असा धोका नाही, म्हणून तिची प्रत हक्कात बसत नाही.

अपील न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. कलमात कोणत्या धोक्यापासून बचाव हे लिहिलेले नाही, म्हणून न्यायालयाने ते आपल्या पदरचे घालायचे नाही. रॅमकीने काढलेली प्रत मालकाला सर्व प्रकारच्या धोक्यांपासून वाचवते, त्यात वस्तूचे नुकसान आणि माणसाची चूकही आली. हा भाग नीट वाचावा असा आहे. डिस्ककॉपीची प्रत फक्त एका अपघातावर उपाय आहे: माहिती पुसली गेली पण फ्लॉपी शाबूत राहिली. फ्लॉपी वाकली, फाटली, हरवली किंवा तिच्यावर बुरशी चढली, तर ती प्रत निरुपयोगी. जो बॅकअप मूळ वस्तू टिकल्यावरच उपयोगी पडतो, तो खऱ्या संकटात बॅकअप नसतो. न्यायालयाने हक्काचे मोजमाप कागदावर न करता वापरात केले, हे या निकालाचे मोठेपण.

रॅमकीने मित्राच्या फ्लॉपीची फुकट प्रतही निघत होती हे खरे, आणि व्हॉल्टच्या ग्राहक कंपन्यांचे नुकसानही खरे होते. त्याची भरपाई प्रत चोरणाऱ्याकडून मागायची, सुटे साधन बाजारातून उठवून प्रामाणिक ग्राहकाचा हक्क बुडवायचा नाही, असा या निकालाचा अर्थ निघतो. ही वाटणी आम्हाला योग्य वाटते.

तिसरा आरोप, रॅमकी ही प्रोलॉकवरून रचलेली दुय्यम कृती आहे, हा लवकर निकाली निघाला. ५० पानांपुढे ३० अक्षरे म्हणजे साम्य नव्हे. लुइझियानाच्या कायद्याबद्दल मात्र अपील न्यायालय जपून बोलले. जिल्हा न्यायालयाने तो कायदाच संघीय कायद्यापुढे टिकत नाही म्हटले होते. अपील न्यायालयाने प्रोग्रॅम उलगडण्याला मनाई करणाऱ्या तरतुदीपुरते बोलून ती कलम ११७ शी विसंगत ठरवली, आणि त्या तरतुदीवर उभी असलेली परवान्यातली अटही त्याबरोबर पडली.

अमेरिकेने वाट कशी बदलली

बाजाराने कुलूप स्वतःहून सैल केले होते. ॲश्टन-टेटने १९८६ मध्ये प्रत-प्रतिबंध सोडला, कारण कंपन्यांच्या संगणक विभागांना कुलूपबंद माल नको होता. कायद्याची वाट मात्र उलट्या दिशेने गेली.

आधी ‘मालक’ या शब्दावर घाला आला. १९९३ च्या एमएआय विरुद्ध पीक खटल्यात नाइन्थ सर्किटने म्हटले की परवान्याने सॉफ्टवेअर घेणारा प्रतीचा मालक नाही, म्हणून कलम ११७ त्याला लागूच नाही. २०१० च्या व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क निकालाने मालक आणि परवानाधारक यांतली रेघ आणखी ठळक केली. पाकिटातल्या अटींना १९९६ च्या प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग खटल्यात सेव्हन्थ सर्किटने वैध करार मानले.

मग १९९८ चा डीएमसीए, म्हणजे ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’, आला. त्याच्या कलम १२०१ ने कुलूप तोडण्याची साधने बनवणे आणि विकणे हाच गुन्हा ठरवला. सोनीची कसोटी या कलमाखाली उपयोगी पडत नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने डीव्हीडीची प्रत काढणाऱ्या ३२१ स्टुडिओज या कंपनीची विक्री याच कलमाखाली बंद केली. ग्राहक त्या साधनाने कायदेशीर प्रत काढू शकतो हा बचाव न्यायालयाने ऐकला नाही.

सूट म्हणून दर तीन वर्षांनी अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख काही अपवाद जाहीर करतात. २००३ च्या यादीत बिघडलेल्या आणि कालबाह्य डोंगलने (संगणकाला जोडल्याशिवाय प्रोग्रॅम चालू न देणारे छोटे उपकरण) अडवलेले प्रोग्रॅम होते. मूळ माध्यम ड्राइव्हमध्ये असल्याशिवाय न चालणारे, कालबाह्य माध्यमावरचे प्रोग्रॅम आणि गेमही होते, म्हणजे थेट प्रोलॉकच्या जातीचा माल. पण हे अपवाद कुलूप तोडणाऱ्या वापरकर्त्यापुरते आहेत. किल्ली बनवून विकणाऱ्याला त्यातून सुटका नाही. डोंगल बिघडलेल्या ग्राहकाला कुलूप तोडायची परवानगी मिळते आणि त्याला किल्ली विकणारा मात्र गुन्हेगार राहतो. व्हॉल्ट खटल्याने हक्क आणि साधन एकत्र बांधले होते, तीच गाठ इथे सुटली.

भारतीय कायदा कुठे उभा आहे

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट अधिनियमात सॉफ्टवेअरच्या प्रतींसाठी कलम ५२(१) मध्ये स्वतंत्र खंड आहेत. खंड ‘एए’ १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १० मे १९९५ पासून लागू झाला. प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी वापरायला, आणि हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यांपासून तात्पुरता बचाव म्हणून बॅकअप घ्यायला तो मुभा देतो. १९९९ च्या दुरुस्तीने, १५ जानेवारी २००० पासून, खंड ‘एबी’, ‘एसी’ आणि ‘एडी’ जोडले गेले. ‘एसी’ प्रोग्रॅमचे कार्य निरखून, अभ्यासून, तपासून पाहायला मोकळीक देतो. क्वेडने केलेल्या कामातला अभ्यास साधारण याच जातीचा. ‘एडी’ कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी प्रत काढू देतो.

यात एक शब्द फार मोलाचा आहे. ‘एए’ आणि ‘एबी’ या खंडांत हक्क ‘कायदेशीर ताबा असलेल्या’ व्यक्तीला दिला आहे, ‘मालकाला’ नाही. अमेरिकेत एमएआय आणि व्हर्नर निकालांनी ज्या फटीतून ग्राहकाला बाहेर काढले, ती फट इथे नाही. परवान्यावर घेतलेल्या सॉफ्टवेअरचा ताबा कायदेशीर असतोच. दुसरे, हरवणे आणि नष्ट होणे हे धोके कलमात शब्दशः आहेत, त्यामुळे बॅकअप फक्त यांत्रिक बिघाडासाठी हा अटारीचा युक्तिवाद इथे उभा राहत नाही.

कुलुपांचा प्रश्न २०१२ च्या दुरुस्तीने आला. २१ जून २०१२ पासून लागू झालेले कलम ६५ए परिणामकारक तांत्रिक उपाय चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते, पण हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तसे केले तरच. हेतू हा गुन्ह्याचा भाग आहे. पोटकलम (२) स्पष्ट म्हणते की कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हे कलम आड येत नाही. डीएमसीएसारखी साधनविक्रीवरची सरसकट बंदी यात नाही. त्याऐवजी एक अट आहे: दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि काम कशासाठी केले याची पूर्ण नोंद ठेवायची. भारताने वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट करार २०१८ मध्ये स्वीकारला, तरी कलमाची ही रचना बदललेली नाही.

कार्यालयात हे कसे वापरायचे

समजा एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा छापखान्यात जुने सॉफ्टवेअर आहे, समांतर पोर्टच्या (जुन्या संगणकाला प्रिंटर जोडायची जागा) डोंगलवर चालते, आणि संगणक मरायला टेकला आहे. व्यावसायिक वापर असल्याने खंड ‘एडी’ उपयोगाचा नाही. आधार खंड ‘एए’. त्यामुळे कागद आधी गोळा करावेत: बिल, परवान्याचा कागद, सीरियल क्रमांक, डोंगलवरचा क्रमांक. कायदेशीर ताबा दाखवणारे एवढेच असते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच सापडत नाहीत.

मग पूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यावी, फक्त प्रोग्रॅमचे फोल्डर उचलू नये. जुने प्रोग्रॅम आपल्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि सिस्टीम फोल्डरमधल्या ड्रायव्हरमध्ये विखरून ठेवतात. काही तर ठरावीक सेक्टरवर खूण ठेवतात, आणि ती फाइल-फाइल नक्कल करताना मागे राहते. म्हणून प्रतिमा सेक्टरनिहाय हवी. प्रतिमेचा एसएचए-२५६ हॅश (माहिती जराही बदलली की बदलणारा ओळख-क्रमांक) काढून कागदावर लिहून ठेवावा आणि दोन वेगळ्या माध्यमांवर दोन प्रती ठेवाव्यात. माध्यम फ्लॉपी असेल आणि तिच्यावर खूण-कुलूप असेल, तर साध्या ड्राइव्हने सेक्टर वाचून भागत नाही. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझविझलसारखे उपकरण सेक्टरऐवजी चुंबकीय बदलांच्या वेळा नोंदवते. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. एका ट्रॅकचे चार-पाच फेरे नोंदवले की नष्ट झालेली जागा दर फेऱ्याला वेगळी वाचली जाते आणि तिथेच ओळखू येते. ही नोंद कोऱ्या फ्लॉपीवर परत लिहून प्रोलॉकसारखी अस्सल फ्लॉपी होत नाही, कारण भोक लिहिता येत नाही. ती इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, वापरायची असते.

यानंतरची चाचणी सगळे टाळतात आणि तिथेच फसतात. जुना संगणक बंद करून, डोंगल काढून, प्रतिमा दुसऱ्या यंत्रावर किंवा आभासी यंत्रात चढवून बघावी. ती डोंगल मागून थांबली, तर आपल्याकडे व्हॉल्टला मान्य असलेला बॅकअप आहे, म्हणजे मूळ वस्तू टिकली तरच चालणारा. अशा वेळी आधी निर्मात्याला लेखी विचारावे. पुष्कळ वेळा तो यूएसबी डोंगल किंवा सॉफ्टवेअर परवाना बदलून देतो, आणि ते सगळ्यात स्वस्त पडते. निर्माता बंद पडला असेल किंवा उत्तर देत नसेल, तर तो पत्रव्यवहार जपून ठेवावा. आपला हेतू उल्लंघनाचा नव्हता हे दाखवायला तोच कामी येतो.

तंत्रज्ञाकडून डोंगलचे इम्युलेशन करून घ्यायचे ठरले, तर दोन बाजू सांभाळाव्या लागतात. बॅकअप आणि मूळ एकाच वेळी दोन यंत्रांवर चालवू नयेत. तसे केले की तो बॅकअप राहत नाही, आणि उल्लंघन करणारी प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी कलम ६३बी मध्ये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. तंत्रज्ञाने कलम ६५ए ची नोंद ठेवायची असते, आणि ती त्याच्यावर सोडून देऊ नये. कार्यालयाच्या लेटरहेडवर नाव, पत्ता, सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, सीरियल क्रमांक, डोंगलची स्थिती, कामाचा हेतू, तारीख लिहून दोन सह्या कराव्यात आणि एक प्रत आपल्या फाइलला, बिलाशेजारी लावावी.